ग्लासावरची चकती

हेरिबर्टला नावानं हाक मारणारी माणसं अख्ख्या कोलोन शहरात मोजून चार असतील. बाकीच्यांना तो क्योबेस. निळा विणलेला कोट, खाली घोट्यापर्यंत निळं एप्रन आणि हातात कडीची गोल थाळी घेऊन जो बिअर वाढत हिंडतो तो आमच्याकडे क्योबेस, मग आईबापांनी त्याचं नाव काहीही ठेवलेलं असो. सेवेरिन वेशीजवळच्या ‘राखाडी हंस’ या बिअरघरात हेरिबर्टनं हे एप्रन चौतीस वर्षं नेसलं. तोंडानं फटकळ, पायानं चपळ, आणि स्वतःच्या धंद्याबद्दल इतका मानी की मालकानं काही शिकवायला तोंड उघडलं तर हा सरळ पाठ फिरवून चालता व्हायचा.

धंद्याचा नियम साधा आहे. आमचे ग्लास एवढेसे, तीन घोटांत संपणारे. ग्लास रिकामा झाला की क्योबेसनं न विचारता भरलेला समोर ठेवायचा. ज्याला पुरे झालं त्यानं खालची पुठ्ठ्याची चकती उचलायची आणि ग्लासाच्या तोंडावर ठेवायची. चकती ठेवली, विषय संपला. नाही ठेवली, तर पुढचा ग्लास आलाच म्हणून समजा. यात ‘आणू का’ नाही आणि ‘नको नको’ही नाही. बाहेरगावच्या लोकांना हा उद्धटपणा वाटतो. वाटू दे की. त्यांच्यातलं कुणी हळूच पाणी मागितलं तर हेरिबर्ट अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, “सोबत साबण आणि टॉवेल आणू?” सगळं टेबल हसायचं आणि त्या बिचाऱ्याचे कान लाल व्हायचे.

गेरेऑनचा ग्लास मात्र वेगळा. गेरेऑन ट्रामच्या डेपोत मेकॅनिक होता आणि दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते आठ तो ‘हंस’मध्ये अकॉर्डियन वाजवायचा. कोपऱ्यात, फरश्यांच्या शेगडीजवळ त्याची खुर्ची. त्यानं दोन सूर काढले की सगळी खोली आमच्या बोलीतलं गाणं म्हणायला लागायची, हातात हात अडकवून, डोलत. गिऱ्हाइकाच्या चकतीवर क्योबेस पेन्सिलीनं दर ग्लासाला एक रेघ मारतो, पण वादकाची बिअर घरची, त्यामुळे गेरेऑनच्या चकतीवर कधीच रेघ पडली नाही. तो किती प्यायला हे कुणी मोजत नव्हतं, कारण मोजायची गरज नव्हती. आठ वाजले की अकॉर्डियन पेटीत, चकती ग्लासावर, टोपी डोक्यावर, आणि स्वारी घरी.

जाता जाता दोघांची ठरलेली चकमक व्हायची. गेरेऑन म्हणायचा की या ग्लासाला तळाशी भोक आहे, आणि हेरिबर्ट म्हणायचा की भोक तुझ्या घशाला आहे. तीस वर्षं हाच विनोद, आणि दोघांनाही दर गुरुवारी तो नवा वाटायचा. हेरिबर्टची बायको गेली तेव्हा गेरेऑन महिनाभर रोज दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. बोलायचा काही नाही, बटाटे सोलून द्यायचा. हेरिबर्ट ते कधी विसरला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी गेरेऑनचं डोकं त्याला दगा द्यायला लागलं. सुरुवातीला एकच गाणं दोनदा वाजायचं. लोकांनी दोनदा म्हटलं, कुणाचं काय बिघडलं? बोटांना सगळं पाठ होतं, अगदी शेवटपर्यंत. पण पुढे तो आठ वाजता उठेनासा झाला. अकॉर्डियन मांडीवर तशीच, ग्लास उघडा. हेरिबर्ट भरलेला ठेवायचा, तो प्यायचा. पुन्हा ठेवायचा, पुन्हा प्यायचा. हेरिबर्टला वाटलं, पेन्शनीत निघालाय, घाई कसली आहे त्याला. शिवाय तो जास्त वेळ बसतोय याचा हेरिबर्टला आनंदच होता, खोटं कशाला बोलायचं.

ऑक्टोबरात एका दुपारी गेरेऑनची मुलगी आनेग्रेट आली. पन्नाशीची बाई, शाळेत शिकवते, लहानपणी याच टेबलांखाली लपाछपी खेळलेली. दालन रिकामं होतं, हेरिबर्ट ग्लास पुसत होता. तिनं कोटसुद्धा काढला नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं ते तिनं सांगितलं. म्हणाली, बाबांना आपण प्यायलो की नाही हेच आठवत नाही, समोर आलं की पितात, आणि चकती ठेवायची असते हेही आता डोक्यातून गेलंय. शेजाऱ्यांनी दोनदा जिन्यातून उचलून आणलं त्यांना.

“हेरिबर्टकाका, चार ग्लास झाले की तुम्हीच ठेवा चकती. एवढंच मागते.”

हेरिबर्टच्या कपाळावर आठी पडली. “दुसऱ्याच्या ग्लासावर क्योबेस चकती ठेवत नाही, आनेग्रेट. चारचौघांत, त्याच्या खुर्चीत, त्याचा ग्लास मी झाकू? कुक्कुलं बाळ आहे का तो? झाकायचं काम ज्याचं त्याचं.”

मग निदान कमी आणा, असं ती म्हणाली. त्यावर हेरिबर्ट ‘बघतो’ म्हणाला, आणि ‘बघतो’चा अर्थ काय असतो तो आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. डॉक्टर त्याच्या मित्राला मुलासारखं वागवत होते, मुलगी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून देत होती, शेजारी त्याच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलत होते. ‘हंस’मधला तो कोपरा एवढी एकच जागा उरली होती जिथं गेरेऑन अजून पुरता माणूस होता. ती जागा आपण राखायची, एवढंच हेरिबर्टच्या मनात होतं. त्यानं ती राखली, आणि तिथंच चुकलं.

अकरा नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी आमचा कार्निव्हल सुरू होतो. त्या दिवशी नऊपासूनच ‘हंस’मध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधमाश्या, डॉक्टरीणबाई, समुद्री चाचे, सगळे एकमेकांच्या अंगावर. गेरेऑन लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा आणि घुंगरांची टोपी घालून आला होता, नाकावर लाल चेंडू. आणि वाजवलं म्हणजे काय वाजवलं! हेरिबर्टनं थाळी डोक्यावर धरून गर्दीतून जाताना दोनदा त्याच्याकडे पाहून डोळा मारला. जाता येता त्याच्यापुढे ग्लास ठेवत राहिला. ग्लास उघडा होता, तो भरला. हात चौतीस वर्षं हेच करत आले होते, डोक्याला विचारतो कोण?

पाचच्या सुमाराला गर्दी जरा पातळ झाली तेव्हा त्याची नजर कोपऱ्यात गेली. खुर्चीवर अकॉर्डियन होती. पेटीत घातलेली नव्हती, पट्टासुद्धा लावलेला नव्हता. शेजारी भरलेला ग्लास, उघडा. गेरेऑन आपली अकॉर्डियन टाकून कुठं जाणं शक्यच नव्हतं. हेरिबर्ट थाळी टाकून तसाच बाहेर धावला.

दोन गल्ल्या पलीकडे अँब्युलन्स उभी होती. गेरेऑन अडीचच्या सुमाराला लघवीला म्हणून उठला असावा आणि चुकून रस्त्याच्या दारानं बाहेर पडला असावा. सायकलींच्या रांगेमागे तो पडला, खुबा मोडला, आणि दोन तास तिथंच भिंतीला टेकून राहिला. भर दिवसा, शेकडो माणसांच्या देखत. पण अकरा नोव्हेंबरला फुटपाथवर बसलेल्या विदूषकाकडे कोलोनमध्ये कोण बघतो? लोकांनी त्याला हात केले. कुणीतरी त्याच्या मांडीवर कागदी फुलं ठेवली. कुणीतरी हातात बिअरची बाटली दिली. तो कण्हत होता ते गाण्यात विरून गेलं. शेवटी बाबागाडी ढकलत जाणाऱ्या एका बाईनं वाकून पाहिलं, तेव्हा त्याचे ओठ निळे पडलेले तिला दिसले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आनेग्रेटनं हेरिबर्टला एकच प्रश्न विचारला. किती ग्लास आणलेत? हेरिबर्टला सांगता येईना. वादकाच्या चकतीवर रेघा नसतात. तो तसाच उभा राहिला, एप्रनला हात पुसत, हात कोरडे असूनही. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कित्येक महिने वाटत राहिलं.

खुब्याचं ऑपरेशन झालं, पण भूल उतरल्यावर गेरेऑन पुरता परत आलाच नाही. डोकं आणखी विस्कटलं. त्याला निपेस भागातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. हेरिबर्ट एकदाही गेला नाही. कामावर यायचा, ग्लास ठेवायचा, घरी जायचा. गिऱ्हाइकांना टोमणे मारायचं त्यानं बंद केलं, तेव्हा जुने लोक म्हणाले की क्योबेस आजारी आहे बहुतेक. अकॉर्डियन मालकानं कपाटावर ठेवली होती. तिच्याकडे पाहायला लागू नये म्हणून हेरिबर्ट स्वयंपाकघरात लांबच्या दारानं जायचा.

मार्चमध्ये आनेग्रेटचा फोन आला. आवाज कोरडा. बाबा काही पीत नाहीत, म्हणाली. पाणी नाही, चहा नाही, सूप नाही. कुणाच्याही हातचं घेत नाहीत, तोंड मिटून बसतात. नळ्या घालून जबरदस्ती करायची नाही असं त्यांनी शुद्धीत असताना लिहून ठेवलंय. असंच चाललं तर आठवडा निघणार नाही.

“तुमच्या हातून घेतील कदाचित,” ती म्हणाली. एवढं बोलणं तिला किती जड गेलं असेल ते हेरिबर्टला कळलं.

तो दुसऱ्याच दिवशी गेला. रविवारचा चांगला कोट घालून, दाढी करून, हातात ट्युलिपची फुलं. गेरेऑन खिडकीजवळ खुर्चीत होता, निम्मा झालेला. त्यानं हेरिबर्टकडे पाहिलं आणि नजर तशीच पुढे गेली, भिंतीवरून जावी तशी. हेरिबर्टनं कप पुढे केला. ओठ मिटलेले. हेरिबर्टनं त्याला बटाट्यांची आठवण करून दिली, तळाच्या भोकाची करून दिली. काही नाही. तो बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडला. तिथल्या पोलिश नर्सनं, सिस्टर दानूटानं, त्याला कागदी रुमाल आणून दिले.

त्यानंतरच्या दिवशी मधल्या सुट्टीत तो कामावरून तसाच निघाला. निळं एप्रन, निळा कोट, खिशात ‘हंस’चा ग्लास आणि चार चकत्या. ट्राममध्ये लोक बघत होते. बघू देत. खोलीत शिरून त्यानं टेबलावर चकती आपटली, तिच्यावर नळाच्या पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला, आणि कामाच्या वेळी उभा राहायचा तसा हात मागे बांधून उभा राहिला.

गेरेऑनची नजर एप्रनवर थांबली. मग वर सरकली.

“क्योबेस,” तो म्हणाला. “झोपला होतास काय रे?”

आणि ग्लास उचलून तो प्यायला. तोंड वाकडं केलं. “हे पाणी आहे.”

हेरिबर्टच्या मदतीला चौतीस वर्षांची सवय धावली. “सोबत साबण आणि टॉवेल आणू?”

गेरेऑन हसला. दात नव्हते तरी खदखदून हसला, आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. दारात सिस्टर दानूटा तोंडावर हात ठेवून उभी होती.

मग हेरिबर्ट रोज जायला लागला. एक दिवस साधे कपडे घालून करून पाहिलं, पण त्या दिवशी ओळख नाही की घोट नाही. गेरेऑनला हेरिबर्ट आठवत नव्हता, क्योबेस आठवत होता. तीस वर्षांच्या मैत्रीतलं एप्रन तेवढं उरलं होतं. हेरिबर्टला ते फार लागलं, पण तक्रार कुणाकडे करणार? आनेग्रेटला तर तिचे वडील ‘अहो बाई’ म्हणत होते. ती दारात उभी राहून बघायची, वडील या माणसाच्या हातून गटागटा पितायत, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद आणि जळफळाट एकदमच दिसायचा. पण ती रोज ‘थँक्यू’ म्हणायची.

ग्लास रिकामा झाला की हेरिबर्ट भरायचा. चकती कधी वर यायची नाही. आधी ज्यानं घात केला तेच विसरणं आता उपयोगी पडत होतं. पाच ग्लास, सहा ग्लास. गेरेऑनच्या गालांवर जरा रंग आला, मांडीवरच्या चादरीवर बोटं पुन्हा चालायला लागली. हेरिबर्टच्या मनात आशा शिरली. त्यानं सिस्टर दानूटाला सांगून टाकलं की उन्हाळ्यात याला चाकांच्या खुर्चीतून ‘हंस’च्या अंगणात नेणार. तीही हो म्हणाली, पण मान वळवून. रात्री घरी हेरिबर्टला पहिल्यांदा नीट झोप यायला लागली. जेवढे ग्लास तिकडे जास्त झाले होते तेवढे इकडे भरून निघतील, असं काहीतरी खुळं त्याच्या डोक्यात होतं.

ईस्टर होऊन आठवडा झाला होता. मंगळवार, दुपारचे तीन. गेरेऑन दोन दिवस अंथरुणातच होता, श्वास जड लागत होता. हेरिबर्टनं ग्लास ठेवला. गेरेऑननं दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. मग त्याचा हात टेबलावर काहीतरी चाचपायला लागला. दुसरी चकती सापडली. ती उचलायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. पण चकती नेमकी ग्लासाच्या तोंडावर येऊन बसली.

दीड वर्षात पहिल्यांदा.

हेरिबर्टनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. गिऱ्हाइकानं ठेवलेली चकती उचलली, बाजूला ठेवली आणि ग्लास काठोकाठ भरला. “पी की रे,” तो म्हणाला. “एवढा एक.”

गेरेऑननं त्याच्याकडे पाहिलं. या वेळी एप्रनकडे नाही, चेहऱ्याकडे, बराच वेळ. रागावला नव्हता. त्यानं पुन्हा चकती शोधली, पुन्हा ठेवली.

हेरिबर्टनं ती उचलून सरळ स्वतःच्या खिशात घातली. बाकीच्याही घातल्या. टेबलावर एकही ठेवली नाही. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या क्योबेसला वेड लागलंय. तेव्हा गेरेऑननं आपला तळवा ग्लासावर पालथा ठेवला.

“बस, क्योबेस,” तो म्हणाला, आणि डोळे मिटले. हात मात्र काढला नाही. हात हवेत तोलून धरलेला, कोपर थरथरतंय, बोटांखाली ग्लास हलतोय, पाणी सांडतंय, तरी काढेना. चकती नाही म्हणून तोच चकती झाला होता.

क्योबेसनं गिऱ्हाइकासमोर कधी बसायचं नसतं, पण हेरिबर्ट खुर्ची ओढून बसला. खिशातून चकती काढली. गेरेऑनचा हात अलगद उचलून चादरीवर ठेवला, आणि त्याच्या जागी ग्लासावर ती चकती स्वतःच्या हातानं ठेवली.

आनेग्रेट तेवढ्यात दारात आली. तिनं नेमकं तेवढंच पाहिलं.

“तेव्हा हाता-पाया पडले तर झाकलं नाहीत,” ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. “आणि आता झाकताय?”

हेरिबर्टनं मान वर केली नाही. काय सांगणार होता? नियम सांगणार होता?

“त्यानं हात ठेवला होता गं,” तो म्हणाला. “हात दमला होता त्याचा.”

टेबलावर सांडलेलं पाणी तिनं पाहिलं, वडिलांची ओली बोटं पाहिली. ती याच गावात वाढली होती, तिला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं कोट काढला, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तो ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. रडली, पण आवाज न करता.

चार वाजले. ‘हंस’मध्ये हेरिबर्टची पाळी सुरू झाली असणार, रिकामे ग्लास घेऊन लोक खोळंबले असणार. तो उठला नाही.